वर्धा शिक्षण योजनेतील मूल्यमापनविचार आणि ऑनलाइन विद्यापीठीय अभ्यासक्रम

प्रस्तावना

ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या गुणवत्तेची चर्चा बहुधा तंत्रज्ञानापाशी थांबते. मूल्यमापन नेमके कोणाचे करावयाचे, हा प्रश्न मात्र तंत्रज्ञानाहून जुना असून त्याचे एक महत्त्वपूर्ण उत्तर १९३७ साली वर्धा येथे मांडले गेले. प्रस्तुत लेखात त्या उत्तराचा परामर्श घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. परिषदेने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा प्रभृती तिचे सदस्य होते. डिसेंबरमध्ये अहवाल सादर झाला. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने योजनेस मान्यता दिली आणि पुढे सेवाग्राम हे नई तालीमचे केंद्र बनले.

मूल्यमापनविषयक भूमिका

समितीने प्रचलित परीक्षापद्धतीवर कठोर टीका केली. विद्यार्थ्यांना वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय शिक्षकांवर सोपवावा आणि निवडक विद्यार्थिगटांची नमुना-तपासणी करून त्या परिसरातील शाळांचे कार्य जोखावे, असे तिने सुचविले. म्हणजेच विद्यार्थ्यांची प्रगती हा शाळेच्या कार्याचा पुरावा ठरला.

हस्तोद्योगाच्या माध्यमामुळे हे सुकर होते. सूत कातताना अनेकांचा धागा वारंवार तुटू लागला, तर दोष पेळूचा, चातीचा की शिकविण्याचा, हे त्याच दिवशी तपासता येते. त्यासाठी वर्षअखेरच्या परीक्षेची प्रतीक्षा करावी लागत नाही.

आजची प्रस्तुतता

२०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ व्यासपीठावरील अभ्यासक्रमांत चित्रफिती, वाचनसाहित्य, चर्चा व स्वाध्याय यांची योजना आहे. स्वाध्यायांचे गुण विद्यार्थ्याच्या खाती जमा होतात. तथापि बहुसंख्य विद्यार्थी एकाच प्रश्नावर अडखळत असतील, तर तो निकाल अध्यापनाचाही मानावयास हवा. अडचण कोठे आली हे आकडेवारी सांगते. ती का आली, हे शिक्षकालाच शोधावे लागते. म्हणून प्रत्येक घटकानंतर शिक्षकाने चिंतनपर नोंद ठेवणे व पुढील सत्रापूर्वी तो घटक सुधारणे आवश्यक ठरते. अन्यथा एकदा ध्वनिचित्रमुद्रित झालेली त्रुटी प्रत्येक सत्रात पुन्हा शिकविली जाईल.

निष्कर्ष

वर्धा योजना प्राथमिक शिक्षणासाठी होती. तिची चौकट विद्यापीठीय स्तरावर जशीच्या तशी लागू करता येणार नाही. परंतु विद्यार्थ्याच्या अपयशात अध्यापनाची परीक्षा पाहण्याचे तिचे तत्त्व ऑनलाइन शिक्षणासही मार्गदर्शक आहे.