मागच्या काचेतला अंधार

राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की रामन परिणामाची व्याख्या पुन्हा एकदा सर्वत्र वाचायला मिळते. ती वाचावीच. परंतु २८ फेब्रुवारी १९२८ च्या त्या शोधाची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. तो शोध अत्यंत मंद प्रकाश टिपण्याच्या कौशल्याचाही विजय होता. पदार्थावर पडणाऱ्या दशलक्ष प्रकाशकणांपैकी जेमतेम एखादा, बहुधा त्याहूनही कमी, रंग बदलून बाहेर पडतो. रामन आणि कृष्णन यांनी तो आधी सूर्यप्रकाश व परस्परपूरक रंगांच्या काचा वापरून डोळ्यांनी पाहिला. मग पाऱ्याच्या दिव्याखाली त्याचा वर्णपट फोटोग्राफीच्या काचेवर उतरवला. त्यासाठी ती काच कित्येक तास उघडी ठेवावी लागे. प्रकाश थोडा असेल तर वेळ अधिक द्यावा, हा त्या काळाचा साधा नियम होता.

हा नियम मला नव्याने आठवला तो प्रयोगशाळेत नव्हे, तर झाशी जिल्ह्यातील समथरहून परतताना.

मराठी माणसाला झाशी परकी नाही. नेवाळकरांचे राज्य, राणी लक्ष्मीबाई आणि १८५८ चा वेढा प्रत्यक्ष पाहून आलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्यामुळे ती आपल्या वाचनात असतेच. तिच्या ईशान्येचे समथर मात्र फारसे कुणी पाहात नाही. दतियापासून अठराव्या शतकात वेगळे झालेले गुर्जर घराण्याचे हे छोटे संस्थान. १८१७ मध्ये त्याने इंग्रजांशी तह केला. त्याचा किल्ला पाहून आम्ही सहकुटुंब मोठच्या दिशेने निघालो तेव्हा अंधार पडला होता. अमावास्या जवळ आलेली, रस्त्यावर दिवे नाहीत. आमच्या मागे काही अंतरावर एक वाहन होते. त्याने कडेने सायकल हातात धरून चालणाऱ्या एका माणसाला धडक दिली, क्षणभर थांबले आणि डावीकडच्या कच्च्या रस्त्याने निघून गेले.

त्या माणसाच्या पायाचे हाड मोडले. त्याला रुग्णालयात पोहोचवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो मागच्या डॅशकॅमचा. सगळा प्रसंग त्यात आहे, आता नंबर मिळेल, असे मी त्याच्या मुलाला सांगितलेही. रात्री चित्रफीत उघडली. पडद्यावर दोन पांढरे गोळे, त्यांच्याभोवती राखाडी धुके, आणि जिथे नंबर प्लेट असायला हवी तिथे वळवळणारे ठिपके.

ते वाहन मला ओलांडून पुढे गेले असते तर पुढच्या कॅमेऱ्याने त्याचा क्रमांक सहज टिपला असता. ते मागेच वळले म्हणून टिपला नाही. हा फरक केवळ कॅमेऱ्याच्या किमतीचा आहे का? मी भौतिकशास्त्राचा माणूस. त्या मुलाला दिलेला शब्द पाळता येईना, तेव्हा निदान कारण तरी शोधावे म्हणून मागे जाऊ लागलो, आणि मंद प्रकाशाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात पोहोचलो.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार. तेव्हाच्या ओल्या काचेच्या पद्धतीत भर उन्हातही माणसाला काही सेकंद निश्चल बसावे लागे. १८७१ मध्ये मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. काच आधी तयार करून ठेवता येऊ लागली, पुढे तिची संवेदनक्षमताही वाढली आणि खगोलशास्त्राला तिचा मोठा लाभ झाला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला गेले. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथकही तिथेच उतरले होते. खग्रास अवस्था दोनेक मिनिटांची. तेवढ्यात सूर्याच्या कडेचा क्षणिक वर्णपट टिपायचा. वेळ वाढवता येत नाही, म्हणून प्रत्येक किरण वाचवायचा, अशी ती परीक्षा होती.

दादासाहेब फाळके यांनी या हिशेबाची दोन्ही टोके अनुभवली. १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट घेत सुमारे महिनाभर चित्रित केली; विषय स्थिर होता, घाई नव्हती. ‘राजा हरिश्चंद्र’ करताना मात्र माणसे हलणारी होती. तेव्हा प्रत्येक चौकटीला सेकंदाचा अगदी लहान अंशच मिळे आणि म्हणून सूर्यच हवा. सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहात व प्रकाश नटांकडे वळवीत, असे सांगितले जाते. ती चादर लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

यानंतरची पायरी सैद्धांतिक आहे. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये प्रकाशकणांची मोजणी कशी करावी हे शिकवले. प्रकाश कणांनी बनलेला असेल तर तो थेंबाथेंबाने पडणार, आणि थेंब कधीही अगदी समान अंतराने पडत नाहीत. सरासरी १०० कण अपेक्षित असतील तर प्रत्यक्ष मोजणी १० ने इकडेतिकडे होते, म्हणजे दहा टक्के अनिश्चितता. १०,००० कण असतील तर ती केवळ एक टक्का. ही अनिश्चितता उपकरणाचा दोष नव्हे. तो प्रकाशाचा स्वभाव आहे. १९४० च्या दशकात अल्बर्ट रोज यांनी दाखवले की एखादा तपशील खात्रीने ओळखायचा तर त्याचा संकेत नॉइजच्या सुमारे पाचपट हवा. माझ्या चित्रफितीतले वळवळणारे ठिपके म्हणजे बऱ्याच अंशी हीच मोजणीची अनिश्चितता होती.

किती प्रकाश होता? भर दुपारी जमिनीवर सुमारे १ लाख लक्स असतात, पौर्णिमेला साधारण पाव लक्स, आणि चांदण्यांच्याच प्रकाशात एक सहस्रांश लक्सच्या आसपास. आपण सेन्सरकडून दुपार आणि अमावास्या या दोन्ही वेळी सेकंदाला तीस चौकटी मागतो. म्हणजे रामन यांच्या काचेला मिळालेले तास त्याला मिळत नाहीत. अंधारातही त्याला फार तर सेकंदाचा तिसावा भाग मिळतो.

सेन्सरने प्रगती केली नाही असे नाही. फोटोग्राफीची काच शंभर प्रकाशकणांपैकी जेमतेम दोनतीनच कामी लावत असे. १९६९ मध्ये बॉयल आणि स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेत सीसीडीची कल्पना मांडली, ज्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. उत्तम सीसीडी शंभरातील नव्वदपर्यंत कण टिपते. पुण्याजवळ गिरवली येथील आयुकाच्या दोन मीटर दुर्बिणीवर अशीच उपकरणे लागतात. नव्वदच्या दशकात एरिक फॉसम यांच्या कामामुळे सीमॉस सेन्सर पुढे आला आणि कॅमेरा खिशात मावू लागला. पुढे सेन्सर उलटा करून तारांच्या जाळ्याऐवजी मागील बाजूने प्रकाश घेण्याची युक्ती २००९ च्या सुमारास सामान्य कॅमेऱ्यांत आली. आजचा स्वस्त डॅशकॅमही अंधारात जे दाखवतो ते नायगमवाला यांना चमत्कार वाटले असते.

मग मागचाच कॅमेरा का हरतो?

पहिले कारण दिव्यांचे. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट अनिवार्य आहे. तिचा पृष्ठभाग प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतो; ती सरस्वतीबाईंच्या चादरीची हुशार नात म्हणावी. पुढच्या कॅमेऱ्याच्या जोडीला आपले हेडलाइट असतात, त्यामुळे समोरच्या वाहनाची पाटी उजळून निघते. मागे मात्र आपल्याकडे फक्त मंद लाल दिवे. पाठीमागच्या वाहनाचे हेडलाइट त्याच्या स्वतःच्या पाटीवर पडत नाहीत. ते थेट आपल्या भिंगात पडतात. झगझगीत दिव्यांशेजारी काळोखातली पाटी, हे अंतर एका चौकटीत सामावणे चांगल्या सेन्सरलाही जड जाते.

दुसरे कारण काचेचे. नियमाप्रमाणे मोटारीच्या मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली. तरीही काचेवरची धूळ, धुके घालवणाऱ्या तारा आणि आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब उरतेच. भिंगावर ध्रुवक फिल्टर असेल तर निम्म्याहून अधिक प्रकाश तिथेच संपतो. दिवसा उपयोगी असणारा हा फिल्टर रात्री काढून ठेवणेच बरे.

तिसरे कारण भूमितीचे. १९२० पिक्सेल १४० अंशांत पसरले तर एका अंशाला सुमारे १४ पिक्सेल येतात. ५०० मिलिमीटर रुंदीची पाटी १० मीटरवर असेल तर तिला साधारण ४० पिक्सेल मिळतात. त्यात दहा अक्षरे व अंक, म्हणजे प्रत्येकाला चारच. शिवाय वाहन ताशी २० किलोमीटरने आडवे वळत असेल तर सेकंदाच्या तिसाव्या भागात ते १८ सेंटिमीटर सरकते. तीनचार अक्षरे एकमेकांत मिसळायला एवढे पुरते.

चौथे कारण हिशेबनीसाचे. बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म मांडला; आजच्या बहुतेक चित्रफिती त्याच पायावर लहान केल्या जातात. बारीक, सतत बदलणारा तपशील ही पद्धत आधी कमी करते. अंधारात नॉइज हाच सर्वांत बारीक व सर्वांत अस्थिर तपशील असतो. ठरलेला बिटरेट त्यावर खर्च होतो, आणि नॉइजसोबत अक्षरांच्या कडाही पुसल्या जातात.

विद्यार्थी मित्रांनी येथून एक रीत उचलावी. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीच चित्रफीत दिवसा घ्या. तेव्हाही धूसर असेल तर दोष काच, भिंग किंवा न काढलेल्या संरक्षक पापुद्र्याचा. दिवसा स्पष्ट आणि रात्री उभ्या गाडीतही ठिपकेदार असेल तर प्रकाशच कमी आहे. उभ्या गाडीत वाचता येते आणि चालत्या गाडीत नाही, तर एक्स्पोजरचा काळ लांब आहे. हेडलाइटचे गोळे सगळे गिळत असतील तर एक्स्पोजर एकदोन पायऱ्या खाली आणून, एचडीआर असल्यास सुरू करून पाहा. साठऐवजी तीस चौकटी, आणि मिळेल तेवढा अधिक बिटरेट. यातील कुठलाही उपाय प्रकाशकण निर्माण करत नाही. वाया जाणारे तेवढे वाचवतो.

मी स्वतः शेवटी खगोलशास्त्राचा जुना मार्ग धरला. धडकेनंतर मी जोराने ब्रेक दाबला होता, आणि ते वाहन थांबले त्या क्षणी माझ्या ब्रेकच्या लाल दिव्यांत त्याची पाटी किंचित उजळली होती. तशा सोळा चौकटी मिळाल्या. त्या एकावर एक ठेवून सरासरी काढली की नॉइज चौथ्या हिश्शावर येतो. परंतु सेन्सरवरच्या बायर जाळीत लाल रंगाला चारांतून एकच पिक्सेल मिळतो. शेवटचे चार अंक दिसू लागले. त्यातला एक ३ होता की ८, हे ठरेना. आधीची अक्षरे आलीच नाहीत.

चित्र ‘सुधारून’ देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मी वापरली नाहीत. ती न दिसलेला अंक दाखवतात, पण तो पाटीवरचा नसून त्यांच्या शिकवणीतला असतो. त्यावर कुणा निरपराध माणसाच्या दारात पोलीस जाऊ शकतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम ६३ अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र मागते, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. मी मूळ फाइल जशीच्या तशी दिली, सोबत माझी पद्धत व शंका लिहून दिली: ३ किंवा ८, निश्चित सांगता येत नाही.

ते वाहन आजवर सापडलेले नाही. वाहन अज्ञात राहिले तर २०२२ च्या योजनेनुसार गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. वाहन ओळखले गेले तर न्यायाधिकरणासमोर प्रत्यक्ष नुकसानीनुसार दावा करता येतो. दहा अक्षरांचे मोल त्या घरासाठी एवढे होते. त्या मुलाने मला फोनवर विचारले, “साहेब, कॅमेरा तो था ना?” होता. अंधारात कॅमेरा असणे आणि प्रकाश असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला समजावून सांगताना माझे सगळे शिक्षण अपुरे पडले.

मी आता मागची काच आतून दर आठवड्याला पुसतो. आणि कुणाला आशा दाखवण्यापूर्वी आधी चित्रफीत उघडून पाहतो.