कैफियत

सातारच्या कोर्टात मी चौतीस वर्षं कारकुनी केली. पहिल्याच आठवड्यात आमच्या शिरस्तेदारांनी बजावलं होतं, ‘फाईल पुढे सरकवायच्या आधी समन्स लागलंय का बघ, कैफियतीला मुदत दिलीय का बघ.’ दावा थकलेल्या भाड्याचा असो नाहीतर बांधावरच्या आंब्याचा, समोरच्याचं म्हणणं मागितल्याशिवाय गत्यंतर नाही. तो आला नाही तर त्याचं नशीब, पण मागायचं.

इंग्रजांच्या काळापासून हे कोर्ट कितीतरी वर्षं राजवाड्याच्या इमारतीत भरत असे. आणि ज्या घराण्याचा वाडा, त्यातल्याच एका माणसाला हे साधं ‘तुमचं म्हणणं सांगा’ नीट कुणी म्हटलं नाही. ५ सप्टेंबर १८३९ रोजी प्रतापसिंह छत्रपतींना कंपनी सरकारनं गादीवरून उतरवलं आणि पुढे काशीला धाडलं.

आरोप तीन. कंपनीच्या पलटणीतले शिपाई फितवले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी कारस्थान केलं. नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधलं. कंपनीशी झालेल्या १८१९ च्या तहात परवानगीविना बाहेरच्यांशी पत्रव्यवहार न करण्याचं कलम होतं, तेच पुढे केलं गेलं. खरी कुरबुर जहागिरींवरून चालली होती, असं माझं मत. तहाप्रमाणे कोणत्या जहागिरी साताऱ्याकडे याव्यात यावर राजा हट्टानं भांडत होता, आणि मुंबई सरकारला तो हट्ट नको होता.

राजाला अगदीच विचारलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. शिपायांच्या आरोपावर १८३६ साली तीन इंग्रज अधिकाऱ्यांचं गुप्त कमिशन बसलं, त्यापुढे राजाला बोलावलं होतं. पण कमिशन गुप्त. राजाच्या बाजूची तक्रार हीच, की जबान्यांच्या नकला हाती दिल्या नाहीत, आणि गोवा-नागपूरच्या आरोपांवर उत्तर मागितलंच नाही. पुराव्यात दिवाण गोविंदरावांच्या आईच्या, गिरजाबाईंच्या नावाचा एक अर्ज होता. तो त्या बाईंचा नव्हताच, कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसानं लिहिलेला निघाला. आमच्या टेबलावर असा अर्ज आला असता तर तिथेच शेरा पडला असता.

मग मुंबईचा गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्याला आला. एका कागदावर सही करा, गादी राहील. सही म्हणजे गुन्हा कबूल, म्हणून राजानं ती केली नाही. चौतीस वर्षांत तडजोडीच्या पुरशिसीवर मुकाट सह्या करणारे मी शेकड्यांनी पाहिले, म्हणून मला या नकाराचं अप्रूप वाटतं.

दाद मागायची कुठे? आरोप कंपनीचा, साक्षीदार कंपनीचे, निकालही कंपनीचा. राहिलं लंडन. तिथे राजातर्फे गेलेले रंगो बापूजी गुप्ते हे रोहिडखोऱ्यातले, शिवकालच्या दादाजी नरसप्रभूंच्या घराण्यातले. त्यांना वकील म्हणत, तो जुन्या अर्थानं, धन्याचा प्रतिनिधी म्हणून. १८४० ते १८५३ हा माणूस लंडनात ठाण मांडून बसला.

कंपनीची रचनाच अशी, की ठराविक भांडवलाचे भागधारक सभा मागवू शकत. ती फट रंगो बापूजींनी हेरली. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या इंडिया हाऊसमध्ये साताऱ्यावर वादळी सभा झाल्या. गुलामगिरीविरुद्ध गाजलेला वक्ता जॉर्ज थॉम्प्सन राजाच्या बाजूनं तासन्‌तास बोलला. पार्लमेंटात जोसेफ ह्यूमनं विषय काढला. अर्ज छापले, पुस्तिका वाटल्या. मागणी एकच: चौकशी करा, उघड करा. राजा निर्दोष आहे असं आधी मान्य करा, हा हट्टही नव्हता. तरी उत्तर ठरलेलं, हा निकाल लागून गेलेला आहे. अपील नाही, फेरविचार नाही.

१८४७ साली अशील काशीत वारला. पुढच्या वर्षी साताऱ्याच्या गादीवर बसवलेले धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेबही गेले. मरणापूर्वी घेतलेलं दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीनं नामंजूर केलं आणि राज्य खालसा झालं. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याचा याला विरोध होता, ही नोंद मुद्दाम करतो. तिकडेही कलम जाणणारा एखादा असे. आता पक्षकार नाही आणि वादाची मिळकतही गेली. तरी रंगो बापूजी पाच वर्षं तिथेच. आम्ही अशा दाव्यावर ‘निकाली’ लिहून मोकळे झालो असतो.

ते परतले आणि १८५७ आलं. या वेळी अर्ज नव्हता, उठावाची जुळवाजुळव होती. ती फुटली. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी दिलं. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. बाप मात्र हाती लागला नाही, कधीच नाही.

फरारी आरोपीचं प्रकरण आमच्याकडे डॉर्मंट फाईलला जातं. ते बंद करत नाहीत. वर्षातून एकदा धूळ झटकायची, नाव वाचायचं, पुन्हा फडताळात ठेवायचं.