वृद्धाश्रमात संसर्गाची साथ: कुटुंबीयांनी काय पाहावे, काय विचारावे

तुमचे आई-वडील वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात राहत असतील, तर तिथे एकाला झालेला संसर्ग इतरांपर्यंत लवकर पोहोचू शकतो. जेवणाची जागा एक, न्हाणीघर सामाईक आणि एकच मदतनीस अनेकांचे डायपर बदलते, अनेकांना भरवते. म्हणून साथ रोखण्यासाठी पहिला रुग्ण लवकर ओळखणे फार महत्त्वाचे असते.

पहिली लक्षणे कोणती?

उतारवयात संसर्ग झाला तरी ताप चढतोच असे नाही. त्याऐवजी पुढील बदल दिसू शकतात:

- जेवण अचानक कमी होणे
- दिवसभर गुंगीत राहणे
- असंबद्ध बोलणे, माणसे न ओळखणे
- तोल जाणे, पडणे

‘वय झालंय, चालायचंच’ असे म्हणून हे सोडून देऊ नका. ज्यांचे नेहमीचे तापमान ९७ अंश फॅरनहाइट असते, त्यांच्यासाठी ९९ अंश हाही ताप समजावा. त्यामुळे प्रत्येकाचे नेहमीचे तापमान नोंदवलेले असावे.

काही जणांमध्ये सुरुवातीला कोणतेच लक्षण नसते. २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या एका शुश्रूषा केंद्रात सर्वांची कोविड चाचणी केली, तेव्हा बाधितांपैकी निम्म्याहून अधिक जणांना चाचणीच्या वेळी काहीच त्रास नव्हता. म्हणून एक रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातील सर्वांवर लक्ष ठेवावे लागते.

नेहमी आढळणाऱ्या साथी

*फ्लू:* तीन दिवसांत दोघांना खोकला-ताप आला आणि एकाची जरी फ्लूची चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी साथ सुरू झाली असे समजावे. फ्लूचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी ठरते. अँटिबायोटिक फ्लूवर चालत नाही.

*उलट्या-जुलाब:* नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाण्यानेच हात धुवावेत. जुलाब थांबल्यावरही ४८ तास रुग्णाला वेगळे ठेवावे. आजारी स्वयंपाक्यालाही तोवर सुट्टी द्यावी.

*खरूज:* पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. त्यामुळे फक्त खाजणाऱ्याला मलम लावून भागत नाही. जवळच्या संपर्कातील सर्वांवर, मदतनिसांसह, एकाच वेळी उपचार करावे लागतात आणि कपडे व चादरी गरम पाण्यात धुवाव्या लागतात.

संस्थेला हे विचारा

- आजारी व्यक्तीसाठी वेगळी खोली आणि वेगळे शौचालय आहे का?
- एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हातमोजे बदलून हात धुतले जातात का?
- कर्मचारी आजारी पडले तर त्यांचा पगार कापला जातो का? कापला जात असेल, तर ते ताप अंगावर काढून कामावर येतील.
- रहिवासी आणि कर्मचारी दोघांनाही दरवर्षी फ्लूची लस मिळते का?

न्यूमोनियाच्या लशीबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा.

भेटायला जाताना

स्वतःला सर्दी, ताप किंवा जुलाब असतील तर भेट पुढे ढकला आणि व्हिडिओ कॉल करा. घरातले मूल आजारी असेल तर त्याला नेऊ नका. आत जाताना आणि बाहेर पडताना हात धुवा. साथ सुरू असताना संस्थेने भेटी मर्यादित केल्या तर सहकार्य करा, पण रोज फोनवर खुशाली कळेल एवढा आग्रह जरूर धरा.

तातडीने डॉक्टर कधी?

धाप लागणे, ओठ निळसर पडणे, लघवी खूप कमी होणे, पाणीही पोटात न टिकणे किंवा हाक मारूनही नीट जाग न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळपर्यंत थांबू नका. रुग्णाला लगेच रुग्णालयात न्या आणि चालू औषधांची यादी सोबत ठेवा.