पडत्या काळातील तुकोबा

१६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला, प्रथमपत्नी अन्नावाचून गेली. पुढे अभंगातून केलेल्या आत्मनिवेदनातील घटनाक्रम मननीय आहे. दुःखाने व लज्जेने व्यापलेल्या तुकोबांनी भंगलेले देवालय सावरण्याचे मनावर घेतले. आरंभी एकादशीचे कीर्तन करताना चित्त अभ्यासात नव्हते, अशी कबुली ते स्वतःच देतात. मग त्यांनी संतवचने आदराने पाठ केली, पुढे गाणाऱ्याचे ध्रुपद धरले. चित्त स्थिरावल्यावर साधना करू, असे आपण म्हणतो; तुकोबांनी अस्थिर चित्तानेच आरंभ केला. म्हणूनच शाळेत अर्थ पुरता न उमगता पाठ केलेले अभंग व्यर्थ नव्हेत. स्वतःचे शब्द सरतात, तेव्हा ती पूर्वसंचिताची शिदोरी पुरते.