तिसरी तार राहून गेली

आज आपल्या घरातल्या वायरिंगचा इतिहास सांगायचा आहे. त्यासाठी आम्ही आमच्या भागातल्या वायरमन मंडळींना भेटलो. त्यांच्यात साठी ओलांडलेले होते, आयटीआय करून नुकते कामाला लागलेले होते, आणि हे काम शिकलेल्या दोन मुलीही होत्या. एक प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारला: घरात शॉक बसतो हे तुम्हाला आधी कोण सांगतं?

उत्तर एकच आलं. घरातली बाई सांगते. पण ती मुद्दाम बोलावून सांगत नाही. पंखा बसवायला आलेल्या वायरमनला चहा देता देता तिच्या तोंडून निघतं की फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून आम्ही चप्पल घालूनच तो उघडतो. किती दिवस झाले म्हणून विचारलं, तर कुणी दोन पावसाळे सांगतं, कुणी फ्रीज आणला तेव्हापासून सांगतं. स्वयंपाकघरात एरवी चप्पल चालत नाही अशी घरं ही, पण फ्रीजपुढे मात्र एक जोड ठेवलेला असतो. अंगवळणी पडलेल्या या गोष्टीमागे साठ वर्षांचा इतिहास आहे.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झालं. १९६९ मध्ये केंद्र सरकारचं ग्रामीण विद्युतीकरण निगम आलं. त्या काळात देशाला धान्याची चिंता होती, त्यामुळे खेड्यात वीज न्यायची ती आधी विहिरीवरच्या मोटारीसाठी. सरकारी व्याख्याही तशीच होती. १९९७ पर्यंत गावाच्या शिवारात कुठेही, कशासाठीही वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकरण झालेलं धरत. घरात अंधार असला तरी चाले. गावातल्या निदान दहा टक्के घरांत वीज हवी, ही अट २००४ मध्ये आली. घरात वीज आली ती गल्लीगल्लीने, ज्याची जशी ऐपत तशी. १९८८-८९ मध्ये कुटीर ज्योती योजना सुरू झाली, तिच्यात गरीब घराला एका दिव्याची जोडणी मिळे.

जुन्या वायरमनना ती वायरिंग अजून डोळ्यांपुढे दिसते. भिंतीवर लाकडी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपा, त्यांत धरलेली वायर, गोल लाकडी ठोकळ्यावर काळं बटण. वायरी दोनच. एक फेज, एक न्यूट्रल. बल्ब वर आढ्याला, त्याला कुणाचा हात लागत नाही. मग अर्थिंगचा खड्डा कशाला खणायचा, असा सगळ्यांचाच हिशोब. खर्च वाचत होता, आणि दिवा तर लागतच होता. त्या वेळच्या माणसांना आम्ही नावं ठेवत नाही. चिमणीच्या धुरात भाकरी थापलेल्या बाईला तो एक बल्ब केवढा मोठा वाटला असेल.

पुढे त्याच दोन वायरींवर इस्त्री आली, टीव्ही आला, मिक्सर आला, फ्रीज आला, पत्र्याचा कूलर आला, पाणी तापवायचा रॉड आला. यातल्या बऱ्याच वस्तूंचं अंग धातूचं असतं, आणि त्या वापरायच्या बाईने, ओल्या हाताने, अनवाणी, शेणाने सारवलेल्या नाहीतर पाणी सांडलेल्या जमिनीवर उभं राहून. तीन पिनांची पिन आपण भिंतीत खोचतो, तिची वरची जाड पिन अर्थिंगची. आत एखादी वायर उघडी पडून फ्रीजच्या पत्र्याला टेकली, तर ती वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत उतरावी म्हणून ती तिसरी वाट असते. वायरमन म्हणाले की जुन्या घरांत बोर्ड उघडला की त्या तिसऱ्या भोकामागे कितीदा काहीच नसतं. बाहेरून बोर्ड नवा कोरा, आत दोनच वायरी.

काही घरांत तिसरी वायर असते, पण ती नळाच्या पाइपाला गुंडाळलेली. पूर्वी पाइप लोखंडी होते आणि जमिनीतून जात, त्यामुळे अर्थिंगसारखं काहीतरी होई. पुढे नळयोजना नवी झाली, पाइप प्लॅस्टिकचे आले. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. त्या दिवशी घराचं अर्थिंग तुटलं, पण घरात कुणाला कळलंही नाही. आणि जिथे थोडा लोखंडी तुकडा उरला, तिथे एका घरातला बिघाड शेजारणीच्या तोटीला उतरतो. खरं अर्थिंग म्हणजे जमिनीत उभा पुरलेला जाड लोखंडी पाइप, साधारण अडीच मीटर लांब, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. उन्हाळ्यात जमीन सुकली की त्यात पाणी ओतावं लागतं.

आता फ्यूजबद्दल. फ्यूज आहे म्हणजे शॉकपासून आपण सुरक्षित आहोत, असं आम्हालाही बोलण्यात बरेचदा ऐकू आलं. फ्यूज असतो तो वायर तापून आग लागू नये म्हणून. पाच अँपिअरचा फ्यूज पाच अँपिअरच्या पुढे गेल्यावर वितळणार, आणि माणूस मरायला त्याचा पन्नासावा भागही पुष्कळ होतो. फ्यूज सारखा जातो म्हणून त्यात मोठ्या वायरची जाड तांब्याची तार भरायची सवय तर घरोघर आहे. एमसीबीचंही तसंच. ती फ्यूजचीच सुधारलेली बहीण आहे, शॉकवर तिचा इलाज नाही.

किती विजेने माणसाचा हात चिकटतो, हे मोजलं अमेरिकेतल्या बर्कले इथले प्राध्यापक चार्ल्स डालझिएल यांनी, १९४० च्या दशकात. स्वतःहून तयार झालेल्या १३४ पुरुषांच्या आणि २८ बायकांच्या हाती तार देऊन ते वीज हळूहळू वाढवत नेत, मूठ सोडता येईनाशी होईपर्यंत. पुरुषांची सरासरी आली १६ मिलीअँपिअर, बायकांची साडेदहा. देवघरात आपण जो झिरोचा बल्ब लावतो, तो खरा १५ वॅटचा असला तर साधारण ६५ मिलीअँपिअर वीज घेतो. म्हणजे त्या मिणमिणत्या बल्बाला लागते त्याच्या सहाव्या हिश्श्यातच बाईची मूठ उघडेनाशी होते. चप्पल घालून भागवलेल्या झिणझिण्या या आकड्यापासून किती लांब आहेत, ते चप्पल झिजली किंवा भिजली की ठरतं.

एवढ्याशा विजेला ओळखून लाइन तोडणारं यंत्र घरात आलं त्याची गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली आहे. तिथल्या सोन्याच्या खाणींत विजेचे अपघात फार होत. हेन्री रुबिन नावाच्या इंजिनिअरने १९५५ मध्ये खाणींसाठी गळती ओळखणारं यंत्र बनवलं, मग त्याहून कितीतरी नाजूक असं दुसरं. तिथेच स्टिलफॉन्टेन नावाची खाणकामगारांची वसाहत होती. तिथे एक बाई आपल्या घरातच शॉक लागून गेली. त्याच सुमारास, १९५७-५८ मध्ये, वसाहतीतल्या काहीशे घरांत २० मिलीअँपिअरवर पडणारी यंत्रं बसवली गेली. आज आपण ज्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतो, ते त्याच कुळातलं. घरासाठी ३० मिलीअँपिअरचं घेतात. घरात गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत तेवढा फरक पडला की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन बंद करतं. अर्थिंग असेल तर फ्रीज बिघडताक्षणी ते पडतं, नसेल तर कुणाचा तरी हात लागल्यावर. म्हणून दोन्ही हवीत.

आपल्या देशात १९५६ च्या वीज नियमांत पुढे भर घालून हे यंत्र सक्तीचं केलं, पण पाच किलोवॅटच्या आतल्या घरगुती जोडण्या त्यातून वगळल्या. खेड्यातल्या किती घरांचा भार पाच किलोवॅट होता? ज्या घरात अर्थिंग नाही, जमीन ओली, पाय अनवाणी, तेच घर नेमकं सुटलं. हे आम्हाला पटलेलं नाही.

आणि जिथे ईएलसीबी बसला, तिथलं काय? वायरमन हसून सांगतात की तो बसवल्यावर आठ दिवसांत बोलावणं येतं, हे सारखं लाइट घालवतंय, काढून टाका. तो पडतो तो कुठेतरी गळती आहे म्हणून. ती शोधायला अर्धा दिवस जातो, आणि त्याचे पैसे द्यायला घरधनी तयार नसतो. मग दोन वायरी थेट जोडल्या जातात आणि यंत्र भिंतीवर शोभेला उरतं. त्यावर टी लिहिलेलं एक बटण असतं. लाइट असताना ते दाबलं की यंत्र पडायला हवं. न पडलं तर ते बिघडलेलं तरी आहे, नाहीतर कुणीतरी बगल देऊन ठेवलेलं आहे. बटण दाबायला वायरमन लागत नाही.

एका अपघाताबद्दल बोलताना मात्र कुणी हसलं नाही. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेवर टेकते. वाऱ्याने घासून घासून तिचं आवरण जातं. पहिल्या पावसात सगळा पत्रा जिवंत होतो. पत्र्याच्या अँगलला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली असते. बाई ओलं लुगडं टाकायला जाते आणि तारेला चिकटते. ती ओरडली म्हणून सासू धावते, मुलगा धावतो. एकाच घरातले दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात आपण वाचतो, त्यांतल्या कितीतरी अशाच असतात. इथे ईएलसीबीचा, फ्यूजचा, मेन स्विचचा काही उपयोग नाही, कारण वीज मीटरच्या अलीकडेच पत्र्यात उतरलेली असते. घरातलं बटण बंद करून ती थांबत नाही. लाइनमनला फोन करून डीपीवरून लाइन बंद होईपर्यंत पत्र्याला, तारेला आणि चिकटलेल्या माणसाला कुणी हात लावायचा नाही. आपलं माणूस समोर असताना हे किती कठीण आहे, ते आम्ही जाणतो.

आम्हाला भेटलेल्यांपैकी एका म्हाताऱ्या वायरमनचा नेम आहे. कुठल्याही कामाला गेले तरी ते आधी परसात जाऊन कपड्यांची तार बघतात. पत्र्याला बांधलेली असली तर पकडीने तोडून गुंडाळतात, आणि पिशवीतली नायलॉनची दोरी दोन लाकडी खांबांना बांधून देतात. तिचे पैसे ते घेत नाहीत. तोडलेल्या तारेची भेंडोळी त्यांच्या घराच्या कुडाला टांगलेली आहेत. आम्ही मोजली, एकतीस होती.