पहिली तबकडी : जपानी गायिका आणि सत्तरच्या दशकातील पदार्पणगीते

आपल्याकडे गाणे चित्रपटाचे असते आणि पार्श्वगायिका त्याला आवाज देते. १९७०च्या दशकातील जपानमध्ये लोकप्रिय गाणे प्रामुख्याने गायिकेच्या नावावर जमा होई. एका बाजूला मुख्य गीत, दुसऱ्या बाजूला जोडगीत आणि वेष्टनावर गायिकेचे छायाचित्र अशी छोटी तबकडी, म्हणजेच ‘सिंगल’, हे त्याचे बाजारातील रूप होते. नवोदित गायिकेची पहिली तबकडी हे तिचे पदार्पणगीत. ते कोणत्या तारखेला निघाले आणि त्या दिवशी तिचे वय किती होते, या गोष्टी तेथील जुन्या रसिकांच्या जिभेवर असतात.

तारखेला महत्त्व येण्याचे कारण व्यावहारिक होते. जपान रेकॉर्ड पुरस्काराचा सोहळा ३१ डिसेंबरच्या रात्री दूरचित्रवाणीवरून दाखविला जाई आणि त्यातील नवोदितांचा सन्मान मिळविण्याची संधी गायिकेला एकदाच असे. त्याच रात्री एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर ‘कोहाकु’ हा गायक-गायिकांच्या दोन संघांतील सामना रंगे. विक्रीचा हिशेब ‘ओरिकॉन’ची साप्ताहिक क्रमवारी १९६८पासून ठेवीत होती. त्यामुळे कोणते गाणे, कोणत्या महिन्यात, कोणत्या पोशाखात हे सारे ध्वनिमुद्रिका कंपनी आणि व्यवस्थापन संस्था ठरवीत. ज्या मुलीच्या नावाने तबकडी निघे, ती अनेकदा शाळकरी असे आणि तिचा शब्द या निर्णयात क्वचितच विचारात घेतला जाई. मात्र इतका काटेकोर बेत आखूनही पहिल्या गाण्याचा क्रमवारीतील आकडा आणि त्याला पुढे लाभलेले आयुष्य यांचा मेळ फारसा बसत नाही.

दशकाच्या आरंभी हा मेळ बसला, तो कोयानागी रुमिको हिच्या बाबतीत. ताकाराझुका संगीत विद्यालयातून शिकून आलेल्या या गायिकेचे ‘वाताशी नो जोकामाची’ (माझे किल्ल्याखालचे गाव) हे पदार्पणगीत एप्रिल १९७१मध्ये आले. गीत यासुई काझुमी यांचे, संगीत हिराओ मासाकी यांचे. जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने १९७०च्या शरद ऋतूत ‘डिस्कव्हर जपान’ ही पर्यटन मोहीम सुरू केली होती आणि शहरी तरुणींना जुनी गावे, जुन्या गल्ल्या यांची ओढ लागली होती. त्या हवेत हे गाणे नेमके बसले आणि १९७१च्या वार्षिक विक्रीत पहिले आले.

त्याच वर्षी १ जूनला निघालेले मिनामी साओरी हिचे ‘१७ साइ’ (वय वर्षे १७) हे मात्र इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे म्हणावे लागेल. साओरी ओकिनावाची. हा द्वीपसमूह तेव्हा अमेरिकी प्रशासनाखाली होता आणि १५ मे १९७२ रोजी जपानकडे परत आला. म्हणजेच जपानची ही नवी लाडकी गायिका ज्या भूमीतून आली, तेथून टोकियोला येण्यासाठी प्रवासाची खास कागदपत्रे लागत. गीत आरिमा मिएको यांनी लिहिले, चाल त्सुत्सुमी क्योहेइ यांनी बांधली. अमेरिकन गायिका लिन अँडरसन हिचे ‘रोझ गार्डन’ आपल्याला गाता येते, असे साओरीने सांगितले आणि त्सुत्सुमींनी त्याच वळणाची चाल रचली, अशी हकिगत सांगितली जाते. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली, तर ती खरी वाटते. तबकडी निघाली तेव्हा साओरीला १७वे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर अवकाश होता. समुद्रकिनाऱ्यावरची ती धावती लय, पूर्वीच्या गायिकांचा घोटीव स्वर बाजूला ठेवून मोकळ्या गळ्याने केलेले गायन, यांमुळे पुढे ‘आयडॉल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या तरुण गायिकांच्या परंपरेचा आरंभ अनेक अभ्यासक याच गीतापाशी मानतात. ओरिकॉनवर ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. १९८९मध्ये मोरिताका चिसातो हिने ते नव्या वाद्यमेळात गायिले आणि वेगळ्या पिढीत पुन्हा लोकप्रिय केले.

ऑक्टोबर १९७१मध्ये निप्पॉन टेलिव्हिजनवर ‘स्टार तांजो!’ (ताऱ्याचा जन्म) ही स्पर्धा सुरू झाली आणि पदार्पणाची सारी रीतच बदलली. अंतिम फेरीत स्पर्धक मंचावर उभा राही, समोर कंपन्या व संस्थांचे प्रतिनिधी बसत, आणि ज्यांना तो हवा असे ते आपल्या नावाचा फलक उंचावत. एकही फलक वर आला नाही, तर गाशा गुंडाळायचा. बाजाराचा हा उघड लिलाव घरोघरी पाहिला जात होता. यातून पुढे आलेली पहिली मोठी गायिका मोरी मासाको. जुलै १९७२मध्ये ‘सेन्सेइ’ (गुरुजी) हे तिचे गीत निघाले तेव्हा ती १३ वर्षांची होती. शब्द या कार्यक्रमाच्या परीक्षकांपैकी एक असलेले गीतकार आकु यू यांचे, संगीत एंदो मिनोरु यांचे. एंका या पारंपरिक वळणाच्या भावगीतांची छाया असलेले, शिक्षकाविषयीच्या अबोल ओढीचे हे गाणे तिने ज्या पक्व सुरात गायिले, तो ऐकून आजही अचंबा वाटतो. साकुरादा जुन्को हिच्यासाठी २५ फलक उंचावले गेले. ती फेब्रुवारी १९७३मध्ये पदार्पण करून त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट नवोदित ठरली.

या दोघींच्या जोडीने उभी राहिलेली तिसरी शाळकरी मुलगी म्हणजे यामागुची मोमोए. तिचे पदार्पण फसले होते. २१ मे १९७३ रोजी निघालेले ‘तोशिगोरो’ (वयात येताना) ओरिकॉनवर ३७व्या क्रमांकाच्या वर गेले नाही. सेन्के काझुया यांचे शब्द आणि तोकुरा शुन्इचि यांची चाल यांत दोष काढण्याजोगे फारसे काही नाही. पण मोमोएचा आवाज वयाच्या मानाने खालच्या पट्टीतला, मुद्रा गंभीर, आणि तिला दिलेले गाणे कोणत्याही मुलीने गावे असे होते. सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘आओइ काजित्सु’ (हिरवे फळ) या दुसऱ्या गीताने कंपनीने दिशा बदलली. चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडी द्व्यर्थी, सूचक शब्द घातले गेले आणि गाणे नवव्या क्रमांकावर गेले. या यशाकडे आज निखळ कौतुकाने पाहणे अवघड आहे. मोमोए त्या साच्यातून बाहेर पडली, ती १९७६मध्ये. आकी योको व उझाकी र्युदो या गीतकार-संगीतकार दाम्पत्याची गाणी गाण्याची इच्छा तिने स्वतः व्यक्त केली आणि ‘योकोसुका स्टोरी’ जन्मास आले. योकोसुका हे तिचे वाढले ते गाव. ५ ऑक्टोबर १९८० रोजी टोकियोतील बुदोकान सभागृहात तिने निरोपाचा कार्यक्रम केला. तेव्हा ती २१ वर्षांची होती. त्यानंतर ती मंचावर परतली नाही. तिच्या चाहत्यांच्या मनात ‘तोशिगोरो’ला आज जे स्थान आहे, ते या पुढच्या सात वर्षांनी मिळवून दिलेले आहे.

‘पिंक लेडी’ची गोष्ट याच्या अगदी उलट. शिझुओकाच्या मी आणि केइ या दोन मैत्रिणींचे ‘पेप्पा केइबु’ (पेपर इन्स्पेक्टर) ऑगस्ट १९७६मध्ये निघाले. कंपनीतील वरिष्ठांचा कल दुसऱ्या बाजूच्या गाण्याकडे होता. मात्र आकु यू आणि तोकुरा यांच्या या खट्याळ रचनेला दोइ हाजिमे यांनी हातवारे व पदन्यास बसविले, आणि शाळांच्या मैदानांवर मुली त्याची नक्कल करू लागल्या. गाणे ऐकण्याआधी ‘करून पाहण्याची’ ही सवय जपानी लोकप्रिय संगीतात येथून पक्की झाली. १९७९मध्ये या जोडीचे इंग्रजी गीत अमेरिकेच्या बिलबोर्ड क्रमवारीत ३७व्या स्थानी पोहोचले.

स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या गायिकांचा प्रवाह या गजबजाटापासून दूर वाहत होता. हाचिओजीतील किमोनोच्या दुकानदाराची मुलगी आराई युमी हिला खरे तर केवळ गीतरचना करायची होती. जुलै १९७२मधील तिच्या ‘हेन्जी वा इरानाइ’ (उत्तर नको) या पहिल्या तबकडीच्या जेमतेम ३०० प्रती खपल्या असे सांगितले जाते. पुढे मात्सुतोया युमी या नावाने तीच जपानमधील सर्वाधिक खपाच्या गायिकांपैकी एक झाली, तरी हे गीत अजूनही जाणकारांपुरतेच आहे. होक्काइदोच्या नाकाजिमा मियुकी हिनेही सप्टेंबर १९७५मध्ये स्वतःच्याच रचनेने पदार्पण केले.

सर्वांत विलक्षण आयुष्य लाभले ते मात्सुबारा मिकी हिच्या ‘मायोनाका नो दोआ’ (मध्यरात्रीचे दार) या गीताला. मिकी ओसाका परिसरातली, आई जॅझ गायिका. ५ नोव्हेंबर १९७९ रोजी तबकडी निघाली तेव्हा मिकी १९ वर्षांची होती. हायाशि तेत्सुजी यांची चाल अमेरिकन सोल संगीताच्या अंगाने जाते. बासची ठाशीव चाल, मध्येच उसळणारी पितळी वाद्ये, आणि त्यांवर कोवळ्या वयातही न डगमगणारा आवाज. त्या काळी ओरिकॉनवर ते २८वे आले. चाळीस वर्षांनंतर परदेशी श्रोत्यांना जपानच्या ‘सिटी पॉप’ संगीताची गोडी लागली. २०२०मध्ये इंडोनेशियाच्या रेनिच हिने हे गीत गाऊन प्रसिद्ध केले. टिकटॉकवर तर वेगळीच लाट आली. परदेशात वाढलेली मुले आपल्या जपानी आईला न सांगता हे गाणे लावीत आणि तिचा बदलणारा चेहरा टिपत. (भारतात जून २०२०मध्ये टिकटॉकवर बंदी आल्याने आपल्याकडे ही लाट अन्य मार्गांनी पोहोचली.) त्याच डिसेंबरमध्ये स्पॉटिफायच्या जगभरातील ‘व्हायरल’ गीतांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर होते. मिकीचे निधन ऑक्टोबर २००४मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी कर्करोगाने झाले होते.

या गीताचे शब्द मिउरा योशिको यांचे. पाचच महिन्यांनी, एप्रिल १९८०मध्ये, त्यांनीच लिहिलेले ‘हादाशि नो किसेत्सु’ (अनवाणी ऋतू) घेऊन मात्सुदा सेइको नावाची नवी गायिका पुढे आली. ते गाणे १२व्या क्रमांकावर थांबले. त्याच वर्षीच्या तिसऱ्या तबकडीने तिला पहिल्या क्रमांकावर नेले आणि त्या तबकडीपासून तिची २४ गीते लागोपाठ त्याच क्रमांकावर राहिली.