हॅमंड ऑर्गन : प्रेरक ध्वनिमुद्रणे आणि वादक

अमेरिकन संशोधक लॉरेन्स हॅमंड (१८९५–१९७३) याने १९३४ मध्ये पेटंट मिळवलेले आणि १९३५ पासून विक्रीस आलेले विद्युत् ऑर्गन, तसेच १९६० च्या दशकात त्याच्या जोडीला आलेले ट्रान्झिस्टरचे हलके ऑर्गन, कोणत्या तबकड्या व कोणते वादक ऐकून पुढच्यांनी हाती घेतले, याची ही नोंद आहे. मराठी संगीत नाटकाच्या साथीला असणारा ऑर्गन पायाने भाता मारून, धातूच्या सुरांतून हवा सोडून वाजवतात. हॅमंडच्या वाद्यात हवेचे काहीच काम नाही.

हॅमंड घड्याळे तयार करत असे. वीजप्रवाहाच्या आवर्तनांशी तंतोतंत वेग राखणारी मोटर ही त्याची खासियत होती आणि तीच त्याने ऑर्गनमध्ये बसवली. मोटर ९१ दातेरी पोलादी चकत्या फिरवते. प्रत्येक चकतीसमोर चुंबक आणि तारेचे वेटोळे असते आणि दाते पुढून सरकताना वेटोळ्यात त्या स्वराच्या कंपनसंख्येचा प्रवाह निर्माण होतो. वाद्य कधी बेसूर होत नाही ते यामुळे. मात्र अमेरिकेतील ६० आवर्तनांच्या विजेसाठी केलेले वाद्य इंग्लंडमधील किंवा आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेवर तसेच लावले, तर सगळी पट्टी षड्जापासून कोमल गंधाराइतक्या अंतराने खाली उतरते. वाजवणाऱ्यापुढे दोन मजली कीबोर्ड, पायाशी बेसच्या पायपट्ट्या आणि वर नऊनऊ ओढदांड्यांचे संच असतात. इंग्रजी नावाने ड्रॉबार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दांड्या कमीजास्त बाहेर ओढून मूळ स्वरात वरखालचे स्वर मिसळायचे, की आवाजाचा रंग तयार होतो.

कंपनीचे गिऱ्हाईक म्हणजे चर्च आणि सुखवस्तू घरांचे दिवाणखाने. पाइप ऑर्गनची बरोबरी करण्याच्या जाहिरातींवरून कंपनीला संघीय व्यापार आयोगापुढे उभे राहावे लागले आणि त्यांतले काही दावे सोडून द्यावे लागले. पुढे जे घडले ते कंपनीच्या योजनेत कुठेच नव्हते. जॅझ, ब्लूज आणि रॉकमधले बहुतेक नामांकित ऑर्गनवादक मुळात पियानोवादक होते. या शैलीसाठी त्यांना शाळा नव्हती, पुस्तके नव्हती. होत्या त्या दुसऱ्या कोणाच्या तबकड्या. तबकडीवर दांड्या किती ओढल्या आहेत ते दिसत नाही, बेस हाताने वाजतो आहे की पायाने तेही कळत नाही. त्यामुळे अंदाजाने शिकणे आणि थोडे चुकीचे शिकणे हा या वाद्याच्या परंपरेचाच भाग झाला.

सुरुवातीची साखळी अजून डोळ्यांनी पाहून शिकण्याची होती. फॅट्स वॉलर चर्चच्या आणि चित्रपटगृहाच्या पाइप ऑर्गनवर तयार झाला आणि नंतर हॅमंडवर आला. हार्लेममधील लिंकन थिएटरात तो वाजवत असताना तरुण काउंट बेसी जवळ बसून त्याच्या पायांच्या हालचाली टिपत असे. घरगुती वादकांवर सर्वाधिक मोहिनी घातली ती एथेल स्मिथने. १९४४ च्या ‘बेदिंग ब्यूटी’ या चित्रपटात तिने वाजवलेले ‘टिको-टिको’ पाहून दिवाणखान्यातील ऑर्गनही असा दौडू शकतो, हे असंख्य हौशी लोकांना समजले. जॅझच्या इतिहासकारांनी तिला फारशी जागा दिलेली नाही. ते बरोबर वाटत नाही.

जॅझची दिशा बदलली ती वाइल्ड बिल डेव्हिसने. लुई जॉर्डनच्या वाद्यवृंदात पियानो वाजवणारा हा कलावंत १९५० च्या सुमारास हॅमंडकडे वळला आणि ऑर्गन, गिटार व ड्रम यांचे त्रिकूट घेऊन फिरू लागला. दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड दाबून अख्ख्या बिगबँडचा आवाज उठवणे ही त्याची पद्धत होती. काउंट बेसीच्या वाद्यवृंदाने १९५५ मध्ये गाजवलेली ‘एप्रिल इन पॅरिस’ची मांडणी त्याचीच. क्लबमालकांना हे त्रिकूट सोयीचे होते, कारण एकाच बिदागीत पियानोवादक आणि बेसवादक अशी दोघांची कामे भागत.

डेव्हिसला ऐकून ज्याने पियानो सोडला तो जिमी स्मिथ या नोंदीतील केंद्रवर्ती वादक आहे. पेनसिल्व्हेनियातील नॉरिसटाउनचा स्मिथ फिलाडेल्फियाच्या क्लबांतून पियानो वाजवत असे. हे वाद्य शिकायला किती काळ लागेल, असे त्याने डेव्हिसला विचारले; नुसत्या पायपट्ट्यांनाच पंधरा वर्षे, असे उत्तर आले. हा किस्सा स्मिथ स्वतः सांगे आणि त्यातला आकडा थोडा इकडेतिकडे होत असे. त्याने हप्त्यावर हॅमंड घेतला, एका गोदामात ठेवला, पायपट्ट्यांचा तक्ता काढून समोर लावला आणि वर्षभर जवळपास एकट्यानेच मेहनत केली.

ब्लू नोट कंपनीच्या आल्फ्रेड लायनने त्याला ऐकले आणि १९५६ मध्ये त्याचे पहिले एलपी निघाले. वेगळे काय होते? डेव्हिस ऑर्गनला वाद्यवृंद मानत होता. स्मिथने त्याच्याकडून सॅक्सोफोनचे काम करून घेतले. उजव्या हाताने बीबॉप या जॅझशैलीच्या वेगवान एकेरी सुरावटी, डाव्या हाताने खालच्या कीबोर्डवर चालता बेस, आणि पायाने त्या बेसला धार येण्यापुरते टोले. पुष्कळ श्रोत्यांची समजूत अशी की संपूर्ण बेस पायच वाजवतात. ती समजूत खरी मानून ज्यांनी पायांचा रियाज केला त्यांची तयारी उत्तम झाली, हे वेगळे.

१९५० च्या दशकाच्या मध्यास आलेले हॅमंडचे बी-३ हे मॉडेल स्मिथच्या नावाशी कायमचे जोडले गेले. वरच्या कीबोर्डच्या पहिल्या तीन दांड्या पूर्ण बाहेर, उरलेल्या सहा आत, आणि जोडीला ‘पर्कशन’ची कळ: हीच जॅझ ऑर्गनची ओळख झाली. पर्कशन म्हणजे स्वराच्या आरंभी उमटून लगेच विरणारा टणत्कार. तो पुन्हा हवा असेल तर आधी सगळ्या पट्ट्या सोडाव्या लागतात. स्वर जोडून वाजवले तर टणत्कार फक्त पहिल्यालाच मिळतो, सुटे वाजवले तर प्रत्येकाला. स्मिथच्या वाक्यरचनेचा तुटक, चटपटीत डौल बराचसा या यंत्रणेवर उभा आहे, आणि नक्कल करणाऱ्या पियानोवादकांचा हात अडखळे तो इथेच.

नवख्याला आजही प्रथम हाती दिली जाते ती ‘बॅक ॲट द चिकन शॅक’. २५ एप्रिल १९६० रोजी न्यू जर्सीत, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत ती मुद्रित झाली आणि १९६३ मध्ये बाजारात आली. स्टॅनली टरेंटाइनचा सॅक्सोफोन, केनी बरेलची गिटार आणि डोनाल्ड बेलीचा ड्रम असे साथीदार आहेत. या तबकडीत घाई नाही. संथ ब्लूजमध्ये एकेक वाक्य वेगळे ऐकू येते, म्हणून शिकणाऱ्याला ते उचलता येते. ‘द सर्मन!’ मध्ये दमसास जास्त आहे. १९६२ च्या ‘बॅशिन’ या अल्बममधील ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ हा तुकडा ऑलिव्हर नेल्सनच्या वाद्यवृंदामुळे जॅझच्या बाहेरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचला. १९७२ च्या ‘रूट डाउन’ मधला तुकडा बीस्टी बॉइजने १९९४ मध्ये उचलला आणि हिपहॉप ऐकणारी पिढीही स्मिथकडे आली.

स्मिथमागोमाग फिलाडेल्फिया ऑर्गनवादकांचे गाव झाले. शर्ली स्कॉट, ट्रूडी पिट्स आणि जिमी मॅकग्रिफ हे तिथलेच. आफ्रिकी-अमेरिकन चर्चमधून आलेल्यांच्या कानात हॅमंड लहानपणापासून असे, कारण पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या मंडळ्यांनी हॅमंडच घेतले होते. रिचर्ड ‘ग्रूव्ह’ होम्सची ‘मिस्टी’ आणि जॅक मॅकडफची ‘रॉक कँडी’ ही या काळातील लोकप्रिय ध्वनिमुद्रणे आहेत. पैकी दुसरीचा संबंध पुढे इंग्लंडशी येतो.

स्मिथच्या सावलीतून खऱ्या अर्थाने बाहेर पडला तो लॅरी यंग. नोव्हेंबर १९६५ मध्ये मुद्रित झालेल्या ‘युनिटी’त त्याने ब्लूजची ठरलेली वळणे बाजूला ठेवली आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या वळणाची, चौथ्या स्वराच्या अंतरांवर बेतलेली भाषा ऑर्गनवर आणली. सर्वसामान्य श्रोत्यापेक्षा वादकांवर तिचा परिणाम मोठा झाला. स्मिथ ऐकून लोक ऑर्गन घेत. यंग ऐकून, आधीच ऑर्गन असलेले लोक पुन्हा रियाजाला बसत. १९६९ मध्ये यंग ड्रमवादक टोनी विल्यम्सच्या ‘लाइफटाइम’ या बँडमध्ये होता. गिटारवर होता जॉन मॅक्लॉफ्लिन, जो पुढे मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्यासह ‘शक्ती’त वाजवू लागला.

कौशल्याच्या दृष्टीने दुसऱ्या टोकाला आहे ‘ग्रीन अनियन्स’. १९६२ मध्ये मेंफिसच्या स्टॅक्स स्टुडिओत, दुसऱ्याच कामासाठी जमलेल्या वादकांनी रिकाम्या वेळात वाजवलेला हा बारा मात्राखंडांचा ब्लूज. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, वय १७. वाद्यही बी-३ नव्हे, आखूड कीबोर्डचे घरगुती एम-३. धून दोन-तीन दिवसांत बसवता येते आणि तरीही तिचा रुबाब कमी होत नाही. नुसती संख्या पाहिली तर स्मिथपेक्षा या एका तबकडीने अधिक पोरांना ऑर्गनपाशी आणले असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अल कूपरची गोष्ट याहून पुढची. १६ जून १९६५ रोजी बॉब डिलनच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’च्या मुद्रणाला तो आला गिटारवादक म्हणून. ऑर्गनची जागा मोकळी दिसताच तो तिथे जाऊन बसला. कॉर्ड कोणती येते ते ऐकून मगच हात टाकत असल्याने त्याचा ऑर्गन किंचित मागे पडतो. निर्माता टॉम विल्सन नाखूश होता, पण डिलनने ऑर्गनचा आवाज वाढवायला सांगितले. त्यानंतर कूपरला ऑर्गनवादक म्हणून कामे येऊ लागली आणि ते मागे रेंगाळणे इतरांनी शैली म्हणून उचलले.

इंग्लंडमध्ये ग्रॅहम बाँड हा पूल ठरला. सॅक्सोफोन सोडून त्याने हॅमंड घेतला आणि लेस्ली स्पीकरसह रिदम अँड ब्लूजच्या मंचावर आणला. डॉन लेस्लीने काढलेल्या या पेटीत वरचा कर्णा आणि खालचा ढोल फिरतात, त्यामुळे आवाज हेलकावे खातो. हॅमंडला ती नापसंत होती आणि कंपनीने ती घेण्यास नकार दिला होता. वादकांना मात्र तिच्याशिवाय ऑर्गन अपुरा वाटू लागला. स्टीव्ह विनवुडने वयाच्या १८ व्या वर्षी ‘गिम्मी सम लव्हिन’ मध्ये (१९६६) ऑर्गनला गाण्याच्या अग्रभागी आणले. पुढच्याच वर्षी प्रोकोल हारमच्या ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ मध्ये मॅथ्यू फिशरने बाखच्या वळणाची सुरावट वाजवली. पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकलेल्या पियानोवादकाला रॉकमध्ये जागा आहे, हे या तबकडीने दाखवले. ती सुरावट म्हणजे रचनेचाच भाग, हा फिशरचा दावा २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मान्य केला आणि संगीतातील ४० टक्के वाटा त्याच्याकडे राहिला.

बी-३ बाक व पायपट्ट्यांसह १९० किलोच्या आसपास भरतो. मिसरूड फुटलेल्या मुलांच्या बँडला तो परवडणारा नव्हता आणि उचलवणाराही नव्हता. त्यांची सोय केली व्हॉक्स काँटिनेंटलने (१९६२) आणि इटलीच्या फारफिसाने. व्हॉक्सच्या पट्ट्यांचे रंग उलटे: काळ्याच्या जागी पांढऱ्या, पांढऱ्याच्या जागी काळ्या. आवाज पातळ, नाकातला, पण गिटारांच्या गदारोळातून आरपार ऐकू येणारा. ॲनिमल्सच्या ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ मध्ये (१९६४) ॲलन प्राइसने आणि डोअर्सच्या ‘लाइट माय फायर’ मध्ये (१९६७) रे मँझारेकने तो वाजवला. डोअर्समध्ये बेसवादक नसल्याने मँझारेकचा डावा हात वेगळ्या पियानो-बेसवर असे. ‘लाइट माय फायर’च्या रेडिओसाठी कापलेल्या आवृत्तीतून सोलो गेले होते. ऑर्गनचा सोलो ऐकायचा तर अख्खा अल्बम विकत घ्यावा लागे.

मॅकडफची ‘रॉक कँडी’ ऐकून हॅमंडकडे वळलेला इंग्लिश पियानोवादक म्हणजे कीथ एमर्सन. सूर धरून ठेवण्यासाठी पट्ट्यांत सुऱ्या खुपसणे, वाद्य अंगावर ओढून घेणे हे त्याचे प्रकार प्रसिद्ध आहेत, पण त्या गोंगाटाखाली शिकलेला हात होता. डीप पर्पलच्या जॉन लॉर्डनेही स्मिथ आणि मॅकडफ घोटले होते. त्याने हॅमंडचा सी-३ गिटारवाल्यांच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून घातला आणि घरघरत्या, फाटक्या आवाजाने गिटारशी टक्कर घेतली. ‘डीप पर्पल इन रॉक’ (१९७०) आणि ‘मशीन हेड’ (१९७२) या तबकड्यांनी हार्ड रॉकमध्ये ऑर्गनवादकाची जागा पक्की केली.

चकत्यांच्या हॅमंडचे उत्पादन १९७० च्या दशकाच्या मध्यास थांबले आणि सिंथेसायझरने बाजार घेतला. तबकड्या राहिल्या. आजच्या डिजिटल प्रतिकृती त्यांच्याबरहुकूम बनतात. पट्टी दाबताच नऊ संपर्क पुढेमागे जुळल्याने होणारी ‘टक’ हा दोष कंपनीला काढून टाकायचा होता. आता ती टक किती हवी ते ठरवण्याची सोय प्रतिकृतींत असते. फिलाडेल्फियाच्या परिसरातच वाढलेला जोई डीफ्रान्सेस्को (१९७१–२०२२) हा ऑर्गनवादक बापाचा मुलगा. स्मिथच्या तबकड्यांतील सोलो तो अगदी लहानपणी जसेच्या तसे वाजवी आणि किशोरवयातच माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये गेला. स्मिथ फेब्रुवारी २००५ मध्ये वारला. त्याच वर्षी निघालेल्या ‘लेगसी’ या अल्बमवर दोघांचे ऑर्गन एकत्र आहेत.